सामाईक संगणकावरचे पायथन

प्रश्न : मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाचे काम प्रयोगशाळेतील सर्वांच्या वापराच्या, उबुंटू या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर चालते. मी तेथे नमपाय या, पायथन भाषेतील आकडेमोडीच्या पॅकेजची (तयार प्रोग्रॅमच्या संचाची) नवी आवृत्ती टाकली आणि पीएच.डी. करणाऱ्या एका दादांचा प्रोग्रॅम बंद पडला. त्यानंतर सरांनी माझे सूडोचे, म्हणजे संपूर्ण संगणकात बदल करण्याचे, अधिकार काढून घेतले. आता मी स्वतःचा महागडा लॅपटॉप घ्यावा का? संगणकाची पदवी नसताना संशोधनात माझा निभाव लागेल का?

उत्तर : अधिकार गेल्याचे वाईट वाटून घेऊ नका. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतील ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर सामान्य वापरकर्त्याला ते मुळातच मिळत नाहीत आणि तरीही तेथे प्रत्येकाचे काम सुरळीत चालते. ते कसे, हे शिकणे तुमच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

संगणकाने आधी नकार दिल्यावर तुम्ही ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय जोडून आज्ञा पुन्हा दिलीत, असे पत्रात लिहिले आहे. (नाव इतके स्पष्ट असलेला पर्याय विरळाच.) कार्यप्रणालीची काही साधने संगणकावर मुळात असलेल्या त्याच पायथनवर चालत असल्यामुळे उबुंटू आणि डेबियन या कार्यप्रणालींनी २०२३ पासून हा अडसर मुद्दाम घातला आहे. त्यातच जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० सोबत, पूर्वीच्या १ मालिकेसाठी कंपाइल केलेली (यंत्रभाषेत आधीच बदलून ठेवलेली) मॉड्यूल्स, म्हणजे प्रोग्रॅमचे भाग, चालत नाहीत. दादांचे काम बहुधा तेथेच अडले असावे.

पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, भाषेसोबतच येणारे ‘व्हेनव’ हे साधन वापरून आपल्या होम डिरेक्टरीत (स्वतःच्या फोल्डरमध्ये) प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळे एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेसचा स्वतंत्र कप्पा, तयार करा, म्हणजे त्यात टाकलेले पॅकेज दुसऱ्या कोणाच्या कामाच्या आड येणार नाही आणि सूडोही लागणार नाही. उबुंटूवर त्यासाठी एक छोटे पॅकेज आधी बसवावे लागते, तेवढे सरांना सांगून एकदाच करून घ्या. ‘पिप फ्रीझ’ या आज्ञेने मिळणारी, बसवलेल्या पॅकेजेसच्या आवृत्त्यांची यादी प्रोग्रॅमशेजारीच जपून ठेवा.

दुसरी बाब शेजारधर्माची. नमपायमधील मॅट्रिक्सची आकडेमोड पुष्कळदा न विचारता संगणकाचे सगळे कोअर (प्रोसेसरचे गणन करणारे भाग) ताब्यात घेते, त्यामुळे मोठे काम लावण्यापूर्वी ‘एचटॉप’ हा चालू कामे दाखवणारा प्रोग्रॅम उघडून कोणाचे काय चालू आहे ते पाहावे आणि ‘ओएमपी नम थ्रेड्स’ या सेटिंगने आपण किती कोअर वापरायचे यावर मर्यादा घालावी. महासंगणकावर ही वाटणी स्लर्मसारखी रांग लावणारी प्रणाली करते. लहान प्रयोगशाळेत ती माणसांनाच करावी लागते.

पदवीविषयी एवढेच सांगतो, की संशोधन प्रकल्पासाठी माणूस निवडताना, हाच निकाल दुसऱ्या यंत्रावर तुम्ही पुन्हा काढून दाखवू शकाल का, हे पाहिले जाते आणि भौतिकशास्त्राची जाण असलेला उमेदवार त्यात कोठेही कमी पडत नाही. लॅपटॉप साधा असला तरी चालेल, कारण आकडेमोड एसएसएचद्वारे (दुरून दुसऱ्या संगणकावर काम करण्याच्या सोयीने) प्रयोगशाळेतील यंत्रावरच होणार आहे. मात्र खरेदीआधी दादांना भेटा आणि तुम्ही टाकलेली नमपाय काढण्यासाठी सरांची परवानगी मागा.