जुन्या गाडीत एसी: आधी इंजिन थंड, मग तुम्ही

पावसाळ्यात वाचकांची पत्रं येतात ती गंजाबद्दल. मार्च उजाडला की सूर बदलतो आणि दोन सीटच्या जुन्या गाड्यांचे मालक एकच गोष्ट विचारू लागतात: एसी बसेल का? या वेळचे प्रश्न त्यातलेच.

वडिलांची १९७० ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश बनावटीची उघडी, दोन सीटची गाडी) मी गेल्या वर्षी पुन्हा चालू केली. बायको म्हणते, एसी बसेपर्यंत मे महिन्यात या गाडीत पाऊल ठेवणार नाही. दर रविवारी घरी थोडं थोडं करून हे काम जमेल का? सुरुवात कुठून करू? (शिवाजी पार्क)

जमेल. पण पहिले तीन-चार रविवार एसीच्या एकाही पार्टला हात लावू नका.

तुमच्या केबिनमधली अर्धी उष्णता सूर्याची नाही, गाडीची स्वतःची आहे. बॉनेट उघडा आणि गरम इंजिनवर हीटरच्या वॉल्वच्या पुढची रबरी नळी हलकेच चाचपा. वॉल्व बंद असूनही नळी तापलेली असेल, तर वॉल्व गळतोय आणि तुमच्या गुडघ्यांसमोर बारा महिने गरम पाण्याचा बंब चालू आहे. पन्नास वर्षांच्या गाडीत हे इतकं सर्रास सापडतं, की मी आधी तेच बघतो. मुंबईत हीटर लागतो कुणाला? ती लाइन व्यवस्थित बंद करून टाका. पुढच्या रविवारी कार्पेट उचला. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून जिथे जिथे वायर किंवा केबल आत येते, तिथलं रबर विरघळलेलं किंवा गायबच असतं. त्या भोकांतून इंजिनची तापलेली हवा थेट आत येते. नवीन ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी, बसवा, आणि गिअरबॉक्सच्या बोगद्यावर व पायाखालच्या पत्र्यावर ब्युटाइल शीट (चिकट रबरी थर) आणि त्यावर फॉइलचा फोम चिकटवा. एवढं करून एकदा दुपारी वरळीपर्यंत जाऊन या. डावी पोटरी भाजायची थांबली, की पुढचं बोलू.

मग वीज. तुमच्या गाडीचा मूळ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, साधारण ३४ अँपिअरचा. हेडलाइट, वायपर आणि इग्निशन मिळून त्यातले पंधरा-वीस खातात. एसीचा ब्लोअर (केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा) दहा-बारा, कंडेन्सरचा (उष्णता बाहेर सोडणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा तेवढाच, कॉम्प्रेसर पट्ट्याला जोडणारा-सोडणारा क्लच तीन-चार. बेरीज तुम्हीच करा. शिवाय सिग्नलला इंजिन ८०० आरपीएमवर असताना अल्टरनेटर पूर्ण ताकद देत नाही, आणि एसी तर सिग्नललाच सगळ्यात जास्त हवा असतो. तेव्हा ६० ते ७५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवा, त्याची जाड वायर थेट बॅटरीकडे न्या, आणि ब्लोअर व पंख्याला वेगवेगळे रिले आणि फ्यूज द्या. मूळ वायरिंगवर एसीचा एक अँपिअरही टाकू नका.

आता कॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा, गॅस दाबणारा पंप. दोन माणसांच्या केबिनला १३८ सीसीचा, पाच पिस्टनचा पुरतो. मोठा लावलात तर थंडी तेवढीच मिळेल, फक्त इंजिन जास्त धापा टाकेल. कूलिंग कॉइल आणि ब्लोअरचं डॅशबोर्डखाली लटकणारं युनिट मिळतं. ते बाजूच्या सीटसमोर बसतं, म्हणून पाइप जोडण्याआधी बायकोला तिथे बसवून गुडघ्यांचं माप घ्या. नंतर ऐकून घ्यावं लागणार नाही.

या कामात खरी परीक्षा कॉम्प्रेसर इंजिनला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटची. माझा पहिला ब्रॅकेट मी ५ मिलिमीटरच्या पट्टीचा केला होता. रंगवल्यावर दिसायला झकास. लोणावळ्याला निघालो आणि पनवेलच्या अलीकडे पट्टा किंचाळायला लागला. बॉनेट उघडलं तर वेल्डच्या कडेने केसासारखी चीर गेलेली आणि कॉम्प्रेसर मान टाकलेल्या कोंबडीसारखा कललेला. तेव्हापासून १० मिलिमीटरच्या खाली जात नाही. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, तो इंजिनवर मूळच्याच आट्यांच्या भोकांना जुळवा, मगच पत्रा कापायला द्या. आधार दोन दिशांनी हवा, नुसता खालून नको. शेवटी क्रँकच्या आणि कॉम्प्रेसरच्या पुलीवर लोखंडी पट्टी टेकवून बघा. दोन्ही पुलींच्या कडा पट्टीला सपाट लागल्या पाहिजेत. एका बाजूला पोस्टकार्ड सरकलं, तरी ब्रॅकेट परत लेथवर. पट्टा नागदेवीच्या बाजारात कुठल्याही लांबीचा मिळतो, पण चुकीच्या लांबीचे तीन आणण्यापेक्षा पुलींभोवती सुतळी गुंडाळून माप न्या.

माझी १९६५ ची एमजीबी आहे. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने एसीचं युनिट बसवून दिलं. ब्लोअर चालतो, हवाही येते, पण फुंकर मारल्यासारखी. पुढचा पंखा लावल्यापासून इंजिन उलट जास्त तापतं. पंखा नवा, ब्लोअर नवा. मग चूक कुठे? (मुलुंड)

सीटमागचं झाकण उघडा. तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील. चेसिसला प्लस जोडलेला आहे की मायनस, ते बघा. माझी खात्री आहे, प्लस असेल. त्या काळात तुमची गाडी कारखान्यातूनच पॉझिटिव्ह अर्थ यायची. १९६७ च्या अखेरीला मार्क टू ही सुधारित आवृत्ती आली, तेव्हा ती निगेटिव्ह अर्थ झाली आणि वीज बनवणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला.

तुमच्या माणसाने लाल वायर स्विचला आणि काळी बॉडीला जोडली, जशी तो रोज जोडतो. त्यामुळे दोन्ही मोटारी उलट्या फिरतायत. गंमत अशी, की एसीच्या ब्लोअरमधला पिंजऱ्यासारखा पंखा उलटा फिरला तरी हवा पुढेच ढकलतो, फक्त अगदी कमी जोराने. म्हणून हवा ‘येते’. रेडिएटरपुढचा पात्यांचा पंखा मात्र उलटा फिरला की खरोखर उलटाच वारा मारतो. गाडी पुढे जाते तेव्हा समोरून येणारी हवा आणि पंख्याची हवा एकमेकींना भिडतात, आणि रेडिएटर मधल्या मधे घुसमटतो. सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद जाळीपुढे धरा. तो जाळीकडे खेचला जायला हवा. तुमच्याकडे तो तुमच्या तोंडावर येईल.

वायरी अदलाबदल करून हे आज सुधारेल, पण माझं ऐकाल तर संपूर्ण गाडी निगेटिव्ह अर्थ करा आणि त्याच वेळी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवा. त्या डायनॅमोची धाव २२ अँपिअरपर्यंत, त्यावर एसी चालणारच नाही. काढलेला डायनॅमो ग्रीस लावून कागदात गुंडाळून ठेवा. विकू नका.

एसी चालू असताना मोकळ्या रस्त्यावर काटा ठीक असतो. सायनच्या सिग्नलला थांबलो की लाल रेषेकडे जातो. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बदलला. आता मोठा रेडिएटर करून घेऊ का? (चेंबूर)

थांबा, आधी एक फोमची पट्टी आणा.

एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि केबिनमधली सगळी उष्णता तिथे सोडतो. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. गाडी पळत असताना हवा भरपूर असते, म्हणून निभावतं. उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर, आणि हवा आळशी असते. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यात बोटभर फट दिसली, की ती जाळीतून जायचे कष्ट न घेता बाजूने निसटते. त्याहून वाईट म्हणजे, इंजिनमधून बाहेर पडलेली गरम हवा खालून वळसा घालून परत पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. चारही बाजूंच्या फटी फोमने आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांनी बंद करा. पंखा शक्यतो रेडिएटरच्या मागे, ओढणारा आणि पूर्ण आच्छादनासह बसवा. नुसता जाळीला प्लॅस्टिकच्या टायांनी बांधलेला पंखा स्वतःच्या गोलाएवढ्याच भागातून हवा ओढतो, कोपरे कोरडेच राहतात.

ऑइल कूलरही पुढेच असेल तर तिथे तीन थर झाले. तो थोडा खाली सरकवता येतो का बघा. आणि सिग्नलला एसीच्या भाराने इंजिन ६०० वर रखडत असेल, तर कार्ब्युरेटरला आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) वाढवणारा छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर सरकणारा खटका, लावा. एसी चालू असताना ९००-१००० आरपीएम मिळाले, की पाण्याचा पंपही जरा जागा होतो. एवढं करून भागलं नाही, तर मोठ्या रेडिएटरचा खर्च करा. बहुतेक भागतं.

एसीचा गॅस भरणारा म्हणतो, नेहमीचा आर-१३४ए महाग पडतो, एलपीजी टाकून देतो, थंडी जास्त लागते. खरं का? (कुर्ला)

थंडी लागते हे खरं. गळती झाली तर तो गॅस तुमच्या केबिनमध्ये, तुमच्या मांडीशी जमतो हेही खरं. जुनी गाडी, जुने स्विच, त्यातून उडणारी ठिणगी. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका.

बाकी सगळं मी घरी केलं. आता व्हॅक्यूमसाठी, म्हणजे गॅस भरण्याआधी पाइपांतली हवा ओढून काढायला, जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वापरू का? एका व्हिडिओत तसं दाखवलंय. (डोंबिवली)

नको. इथवर आलात तर शेवटचं काम व्हॅक्यूम पंप आणि गेज असलेल्या माणसाकडे न्या. गॅस हवेत न सोडता भरणं आणि काढणंही त्यालाच जमेल.

पण तो काय करतो त्यावर नजर ठेवा. आधी नायट्रोजनने प्रेशर देऊन साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासायला सांगा. त्यासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर कुणी आणला, तर त्याला तिथेच थांबवा, तेलाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो. मग व्हॅक्यूम. ते दहा मिनिटांत उरकायचं नसतं. आपल्या हवेत इतका दमटपणा असतो, की पाइप जोडताना आत गेलेली वाफ बाहेर काढायलाच पाऊण तास लागतो. दाब पुरेसा उतरला की आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जातं. मग पंप बंद करून अर्धा तास काटा बघायचा. काटा हलला तर गळती आहे किंवा पाणी उरलंय. ते पाणी राहिलं, तर एक्सपान्शन वॉल्वमध्ये (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडात) बर्फ होऊन अडतं आणि तेलात मिसळून आम्ल तयार होतं, जे कॉम्प्रेसर आतून खातं. म्हणूनच ड्रायरची, म्हणजे आतला दमटपणा शोषणाऱ्या डब्याची, टोपणं सगळ्यात शेवटी काढायची. मुंबईत तो उघडा ठेवून जेवायला गेलात, तर परत आल्यावर नवा आणा.

आर-१२ या जुन्या गॅसची मूळ सिस्टम कुणाकडे असेल, तर तेल आणि ओ-रिंगही बदलाव्या लागतात, नुसता गॅस बदलून चालत नाही.

एसी बसवल्यापासून बाजूच्या सीटखालचं कार्पेट ओलं होतं. कुलंट गळतंय की छतातून पाणी येतंय? (ठाणे)

टिश्यू पेपरने टिपून बघा. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर कुलंट, नुसतं पाणी असेल तर तो एसीने हवेतून गाळलेला दमटपणा. आपल्याकडे एसीची बरीचशी ताकद त्यातच खर्च होते. म्हणूनच बाहेरची हवा आत घेण्याची झडप बंद ठेवा. कूलिंग कॉइलखालच्या ट्रेची नळी कुठे दुमडली आहे का, तिला बाहेरपर्यंत सलग उतार आहे का, बघा. नळी बरोबर असेल तर परतीच्या जाड पाइपवर हात फिरवा. तो केबिनमध्ये उघडा असेल तर थंड बाटलीसारखा घामेजतो आणि थेंब थेंब टपकतो. त्याला काळा फोम गुंडाळा. हे लांबणीवर टाकू नका, या गाड्यांचा खालचा पत्रा अशा पाण्यानेच कुजतो.

गाडीला व्हिंटेजची ‘व्हीए’ मालिकेची नंबरप्लेट घ्यायची आहे. एसीमुळे अडचण येईल का? (वांद्रे)

२०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला ही नोंदणी मिळते, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. म्हणून गाडीवर काहीही कापायचं नाही, वेल्ड करायचं नाही. सगळं मूळच्या भोकांवर, बोल्टने. एका दिवसात सोडवून काढता येईल असा एसी आणि बॉडीचा पत्रा कापून बसवलेला एसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज करण्याआधी मूळ पार्टांचे आणि बदलांचे फोटो काढून ठेवा.

हिवाळ्यात एसी लागत नाही. तेव्हा कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवू का? (गोरेगाव)

कुठला हिवाळा? असो. पट्टा राहू द्या आणि आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा. गॅसबरोबर फिरणारं तेल शाफ्टच्या सीलपर्यंत पोचत राहिलं, तरच ते सील टिकतं. १९४० च्या मॉडेलच्या पॅकार्ड या अमेरिकी गाडीत कारखान्यातूनच एसी यायचा, पण कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. थंडीत एसी बंद करायचा तर मालकाला बॉनेट उघडून पट्टाच काढावा लागे. तुमच्याकडे क्लच आहे, डॅशबोर्डवर बटण आहे.