वाचकांचे प्रश्न : शेजाऱ्यावर संकट येतं तेव्हा

मागच्या अंकात आपण म्यानमारच्या भूकंपावर बोललो होतो, २८ मार्च २०२५ ला ७.७ चा धक्का बसला, दुसऱ्याच दिवशी आपलं पहिलं विमान मदत घेऊन पोचलं आणि मग मंडालेमध्ये आपल्या लष्कराने हॉस्पिटल उभं केलं, ते ऑपरेशन ब्रह्मा. त्यावर खूप पत्रं आली. काही कौतुकाची, काही चिडलेली, आणि चिडलेली जास्त महत्त्वाची वाटली म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

प्रश्न : आमच्याकडे अवकाळीने पिकं झोपतात, नुकसानभरपाईसाठी तलाठ्याकडे चकरा मारून चपला झिजतात, आणि सरकार अफगाणिस्तानला पन्नास हजार टन गहू फुकट देतं, तेही तालिबानला. हा कसला शेजारधर्म? – एक शेतकरी, जि. सांगली

दादा, भरपाईबद्दलचा तुमचा राग शंभर टक्के खरा आहे आणि तो मी अजिबात उडवून लावणार नाही. पण तो गहू पाठवला नसता तर तुमचा पंचनामा लवकर झाला असता असं नाहीये. आपल्या देशात वर्षाला दहा कोटी टनांहून जास्त गहू होतो, म्हणजे दहा हजार किलोमागे आपण पाच किलोसुद्धा दिले नाहीत. आणि तो तालिबानच्या हातात दिलेला नाही, संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे दिला, वाटप त्यांच्यामार्फत. तालिबान सरकारला आपण तेव्हा मान्यता दिलेली नव्हतीच.

पण मला या गव्हाची खरी गोष्ट वेगळीच वाटते, ती म्हणजे तो पोचला कसा. आपण देऊ केला ऑक्टोबर २०२१ मध्ये. नकाशा बघा, अमृतसरजवळच्या अटारीपासून सरळ रस्ता वाघ्यावरून पाकिस्तानात, तिथून अफगाण सीमेवरचं तोरखम ओलांडलं की जलालाबाद, ट्रकला काही दिवसांचं काम. पण मधे पाकिस्तान, आणि २०१९ पासून दोन्ही देशांचा व्यापार जवळपास बंद. पाकिस्तानने नोव्हेंबरमध्ये माणुसकीच्या कारणासाठी अपवाद म्हणून हो म्हटलं, आणि मग वाद सुरू झाला ट्रकचा. ट्रक कोणाचे? आपलं म्हणणं गाड्या आमच्या किंवा अफगाण, त्यांचं म्हणणं भारतीय गाडी आमच्या रस्त्यावर नको. पत्रं गेली, पत्रं आली, शेवटी ठरलं की अफगाण ट्रक आणि अफगाण ड्रायव्हर रिकामे अटारीला येणार आणि माल भरून परत जाणार. पहिला ताफा निघाला २२ फेब्रुवारी २०२२ ला, पन्नास ट्रक, अडीच हजार टन.

चार महिने! अफगाणिस्तानचा कडाक्याचा हिवाळा, जेव्हा लोकांना पिठाची सगळ्यात जास्त गरज होती, तो बहुतेक या वाटाघाटीतच निघून गेला. मला वाईट वाटतं ते याचं, गहू दिला याचं नाही. संकटात कोणाच्या गाड्या कुठून जातील, कागद कोणता लागेल, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं तर डिसेंबरात भाकरी झाली असती. पुढे जमिनीवरून ४० हजार टन गेला आणि मग २०२३ मध्ये आपण इराणच्या चाबहार बंदराचा रस्ता धरला, लांबचा पण पाकिस्तानच्या परवानगीवर अडकणारा नाही.

अजून एक सांगतो, मे २०२२ मध्ये आपण गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हासुद्धा एक खिडकी उघडी ठेवली होती, ज्या देशांची सरकारं त्यांच्या अन्नसुरक्षेसाठी मागणी करतील त्यांना देता येईल अशी. मला तो निर्णय आवडला.

प्रश्न : मी राज्यशास्त्र शिकते. दक्षिण आशियाई देशांची सार्क आपत्तीच्या वेळी काहीच का करत नाही आणि आग्नेय आशियाई देशांची आसियान का करू शकते? तिकडेही भांडणं आहेतच की. – एक विद्यार्थिनी, पुणे

तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण याचं उत्तर बहुतेक लोक 'भारत-पाकिस्तान' या दोन शब्दांत देऊन मोकळे होतात. ते कारण आहेच, सार्कची शेवटची शिखर परिषद काठमांडूला २०१४ मध्ये झाली, २०१६ ची इस्लामाबादची उरी हल्ल्यानंतर बारगळली आणि त्यानंतर एकही नाही. त्यात सार्कच्या सनदेतच आहे की निर्णय एकमतानेच घ्यायचे, म्हणजे एकाने मान हलवली नाही की विषय संपला. नैसर्गिक आपत्तीत झटपट मदतीचा करार सार्कने २०११ मध्ये केलाय बरं का, मालदीवच्या परिषदेत. कागद आहे. कागदामागे गोडाऊन नाही.

आता आसियानकडे बघ. तिकडची सुरुवात काही फार छान नव्हती. २ मे २००८ च्या रात्री नर्गिस चक्रीवादळ म्यानमारच्या इरावती खोऱ्यात घुसलं, मेलेले आणि बेपत्ता धरून सुमारे १ लाख ३८ हजार माणसं. आपल्या हवामान खात्याने त्यांना आधीच इशारे दिले होते. तिथलं लष्करी सरकार इतकं संशयी की परदेशी मदत पथकांना व्हिसाच देईना, अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन यांची जहाजं माल भरून समुद्रात उभी, आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री म्हणायला लागले की जबरदस्तीने मदत उतरवायची. याने जनरल लोक अजूनच घाबरले, त्यांना वाटलं मदतीच्या नावाखाली आक्रमण येतंय. त्या दिवसांत ज्यांना आत जाऊ दिलं त्यात शेजारी जास्त होते, आपल्या नौदलाची राणा आणि किरपाण ही जहाजं यांगूनला गेली होती.

मग आसियानचे सरचिटणीस सुरिन पित्सुवान पुढे आले, थायलंडचे माजी परराष्ट्रमंत्री, अत्यंत शांत माणूस. १९ मे ला सिंगापूरला परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली आणि त्यात मार्ग निघाला की मदत आसियानच्या नावाने जाईल. म्यानमार सरकार, आसियान आणि संयुक्त राष्ट्रं असे तिघांचे प्रतिनिधी एका टेबलावर बसणार, व्हिसा अडला तर तिथेच बोलायचं, गावात पथक जायचंय तर तिथेच ठरवायचं. जनरल लोकांना तोंड लपवावं लागलं नाही कारण दार शेजाऱ्यांसाठी उघडलं असं म्हणता आलं, आणि त्या दारातून सगळं जग आत गेलं. उशीर झालाच, तीन आठवडे म्हणजे काय असतं ते पाण्यात बसलेल्या माणसाला विचारावं, पण ती व्यवस्था पुढे २०१० पर्यंत चालली.

आणि आता मुद्द्याचं. ते नर्गिसवर थांबले नाहीत. २००४ च्या त्सुनामीनंतर, २००५ मध्ये त्यांनी आपत्तीबद्दल बंधनकारक करार केला होता, तो २००९ मध्ये लागू झाला, २०११ मध्ये जकार्तात त्यासाठी कायमचं ऑफिस उघडलं, मलेशियात सुबांगला गोडाऊन बांधलं जिथे तंबू, बोटी, जनरेटर आधीच भरून ठेवलेले असतात, नंतर थायलंड आणि फिलिपिन्समध्येही साठे केले. त्यांच्यातही समुद्राच्या हद्दीवरून तंटे आहेत, थायलंड आणि कंबोडियात तर २०२५ मध्ये गोळीबार झाला. तरी गोडाऊनची चावी कोणाकडे हा प्रश्न त्यांनी त्या तंट्यांपासून बाजूला ठेवलाय, एवढंच त्यांचं वेगळेपण आणि मला ते खूप मोठं वाटतं.

आपल्याकडे आता आशा बिमस्टेककडून आहे, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या परिसरातल्या देशांच्या संघटनेकडून. बांगलादेश, भूतान, भारत, म्यानमार, नेपाळ, श्रीलंका, थायलंड, असे सात, ऑफिस ढाक्याला, सनद मे २०२४ मध्ये लागू झाली. तू पुण्यात आहेस म्हणून सांगतो, या सात देशांचा पॅनेक्स-२१ नावाचा आपत्ती सराव डिसेंबर २०२१ मध्ये तुमच्या पुण्यातच झाला होता. प्रबंधासाठी विषय शोधत असशील तर हाच घे ना, सराव झाला, मग पुढे काय बदललं? यावर कोणी नीट लिहायला पाहिजे.

प्रश्न : नेपाळच्या भूकंपात आपण एवढं केलं तरी ते आपल्यावर नाराज का? उपकाराची जाणीव नाही का? – एक वाचक, ठाणे

उपकार हा शब्द बाजूला ठेवूया कृपया, कारण अर्धं दुखणं तिथेच आहे. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला, केंद्र गोरखा जिल्ह्यातलं बारपाक, जवळपास नऊ हजार माणसं गेली, आणि आपली विमानं त्याच दिवशी काठमांडूत उतरली हे अगदी खरं आणि अभिमानाचं आहे. पण त्याच विमानांमागून आपले टीव्ही चॅनेलवालेही गेले आणि ढिगाऱ्याखाली नातेवाईक असलेल्या माणसासमोर माईक धरून विचारायला लागले, आणि सगळी मदत जणू फक्त आम्हीच करतोय असा सूर. आठवड्याभरात नेपाळी लोकांनी 'गो होम इंडियन मीडिया' हे ट्विटरवर चालवलं. तुमच्या घरात कोणी गेलं असताना शेजाऱ्याने डबा आणावा आणि दारात उभं राहून गल्लीला ओरडून सांगावं, असं काहीसं ते झालं.

पण खरी जखम नंतरची. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळची नवी राज्यघटना आली, भारताला लागून असलेल्या तराईतल्या मधेशी लोकांनी आंदोलन केलं आणि सीमेवरून माल जाणं जवळपास पाच महिने अडलं. भारत म्हणतो आंदोलनामुळे, नेपाळ म्हणतो भारतानेच अघोषित नाकेबंदी केली. दोष कोणाचा याच्यावर दोन्हीकडे रकाने भरलेत, पण काठमांडूच्या बाईला चुलीसाठी गॅस मिळाला नाही आणि भूकंपात घर पडलेल्या माणसाने हिवाळा पत्र्याखाली काढला, तिला-त्याला आपली एप्रिलमधली विमानं कशी आठवणार? मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला तो यातूनच. पुढे आपण गोरखा आणि नुवाकोटमध्ये ५० हजार घरं बांधायला मदत केली आणि ती बांधून झालीही, पण त्याची बातमी इकडेही कोणाला माहीत नाही आणि तिकडेही फारशी नाही.

प्रश्न : २०२० च्या वादळाला 'निसर्ग' नाव आपण दिलं का? – एक वाचिका, श्रीवर्धन

नाही ताई, बांगलादेशने दिलं. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातल्या वादळांसाठी १३ देशांनी मिळून नावांची यादी केलीय, त्यात पाकिस्तान, इराण, येमेन, सौदी सगळे आहेत, आणि इशारे सगळ्यांना दिल्लीच्या आपल्या हवामान खात्यातून जातात. भांडण असो वा नसो, वादळाचा इशारा आजवर कोणी अडवलेला नाही.

प्रश्न : आमच्या गावातले खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि पाकिस्तानात पकडले जातात. वर्षानुवर्षं सुटत नाहीत. कोणाकडे जायचं? – एक वाचक, डहाणू तालुका

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पालघरमधली माणसं ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर जातात, मासळी खाडीच्या तोंडाला जास्त आणि कच्छ आणि सिंधच्या मधल्या सर क्रीक खाडीजवळ समुद्रातली हद्दच दोन देशांनी मान्य केलेली नाही, पाण्यावर रेघ नसते. पकडलं की बोटही जाते.

व्यवस्था आहे ती अशी. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, आणि पकडल्यापासून तीन महिन्यांत दूतावासाच्या माणसाला भेटू द्यायचं असतं. मे २०२५ च्या लढाईनंतरही १ जुलैची यादी आलीच, त्यात पाकिस्तानच्या ताब्यात आपले १९३ मच्छीमार होते. सुटका मात्र वारं बघून होते, २०२३ च्या मे-जूनमध्ये त्यांनी जवळपास ४०० जण सोडले, मग पुन्हा तुरळक. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती होती, ती तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायची, शिफारस करायची, २०१३ पासून ती भेटलेलीच नाही. ती परत सुरू करायला ना सैन्य लागतं ना पैसे, आणि मी या सदरात हे पुन्हा पुन्हा लिहिणार आहे.

तुमच्या हातात आहे ते एवढं: नागरिकत्वाची खातरजमा गावातूनच होते, ती रखडली की सुटका रखडते. आधार, रेशनकार्ड, खलाशाचं ओळखपत्र यांच्या प्रती घरी ठेवा, पकडल्याचं कळताच मत्स्यव्यवसाय खात्यात आणि पोलिस ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या, आणि तुमच्या खासदारांकडून परराष्ट्र मंत्रालयाला नावानिशी पत्र जाऊ द्या.

प्रश्न : सिंधू करार स्थगित केलाय ना, मग ऑगस्ट २०२५ मध्ये तवी नदीच्या पुराबद्दल आपण पाकिस्तानला कशाला कळवलं? – एक वाचक, नागपूर

कळवलं ते बरोबर केलं असं माझं ठाम मत आहे. एप्रिलमध्ये करार स्थगित झाल्यामुळे सिंधू आयुक्तांचा नेहमीचा मार्ग बंद होता, म्हणून इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयाकडून माणुसकीच्या भूमिकेतून सांगितलं गेलं. पूर आला तर पहिला वाहून जातो तो नदीकाठचा गुराखी, त्याने पहलगाम केलं नव्हतं.

आणि आपणही कुठेतरी खालच्याच बाजूला आहोत हे विसरू नका. २०१७ मध्ये डोकलामचा वाद चालू असताना चीनने ब्रह्मपुत्रेची पावसाळ्यातली आकडेवारी आपल्याला दिली नाही, पाणी मोजणाऱ्या केंद्राचं काम चालू आहे असं कारण सांगितलं, आणि त्याच वर्षी आसामात पूर होता. तेव्हा आपण रागावलो होतो आणि बरोबर रागावलो होतो. नद्यांच्या पाण्याचं वाटप हा भांडणाचा विषय असू दे, वर्षानुवर्षं भांडा, पण पातळी किती वाढलीय हा आकडा त्या भांडणातून काढून वेगळ्या छोट्या करारात ठेवावा, चीनशी, पाकिस्तानशी, बांगलादेशशी, सगळ्यांशी, आणि त्याची सुरुवात वरच्या बाजूला असलेल्याने करावी, तवीच्या बाबतीत ते आपण आहोत.