बँकेने घर पाहिलं, ते बँकेसाठी

प्रश्न : मी आणि पत्नी मुलुंड पूर्वेला रिसेलचा टू बीएचके फ्लॅट घेत आहोत. इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची, १९८७ सालची. फ्लॅट शेवटच्या मजल्यावर. किंमत १ कोटी ६० लाख ठरली आहे. १ कोटी ५ लाखांचं कर्ज मंजूर झालं. बाकीचे ५५ लाख भांडुपचं घर विकून आणि पीएफमधून उभे केले. २ लाख टोकन चेकने दिलं, पावतीवर 'फ्लॅटच्या व्यवहारापोटी टोकन' एवढंच लिहिलं आहे. घराला नुकताच रंग दिलाय आणि हॉलमध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे. मुलगी म्हणते, आधी सर्व्हे करून घ्या. एजंट म्हणतो, सर्व्हे म्हणजे जमिनीची मोजणी, ती बंगल्याला लागते. आणि बँकेचा माणूस घर पास करून गेलाच आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागितला तर 'बाहेरच्यांना दाखवत नाही' म्हणाले. विकणारे म्हणतात, १५ दिवसांत ॲग्रीमेंट रजिस्टर करा, नाहीतर टोकन विसरा. नेमका कोणता सर्व्हे करून घेऊ? — एक वाचक, भांडुप

उत्तर : मुलीचं ऐका. आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत कशावरही सही करू नका, हे आधीच सांगून ठेवते.

एजंट सांगतो ते अर्धंच खरं आहे. आपल्याकडे 'सर्व्हे' म्हटलं की नगर भूमापन कार्यालयाची मोजणीच डोळ्यांसमोर येते. प्लॉट, बंगला किंवा रो-हाऊस घेताना ती हवीच, कारण तिथे हद्दीचा प्रश्न असतो. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला तिचा उपयोग नाही. जमिनीबाबत तुम्हाला पाहायचं आहे ते एवढंच की, मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव लागलं आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स (बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं) किंवा, त्याने ते केलं नसेल तर, मानीव अभिहस्तांतरण झालं आहे का. मालमत्ता पत्रक सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर मिळतं. उद्या पुनर्विकासाची वेळ आली तर जमीन कोणाच्या नावावर आहे यावर बरीच वर्षं वाचतात किंवा वाया जातात.

आता बँकेचा माणूस. तो व्हॅल्युअर होता. त्याला बँकेने पाठवलं, त्याचा अहवाल बँकेकडे गेला. हे घर विकायची पाळी आली तर बँकेचे पैसे वसूल होतील का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर तो देतो. तुमचेच आकडे घ्या. घराची किंमत १ कोटी ६० लाख आणि कर्ज १ कोटी ५ लाख. स्लॅब खराब निघाला, कॉलम दुरुस्तीला आले आणि घराचं खरं मोल ५० लाखांनी कमी निघालं, तरी १ कोटी १० लाख उरतातच आणि बँकेचं मुद्दल सुटतं. बुडतात ते तुमचे. नुकसानीचा पहिला घाव भांडुपच्या घरावर आणि पीएफवर पडतो, बँकेची पाळी त्यानंतर. म्हणून बँक ज्याला 'ठीक' म्हणते ते तुमच्यासाठी ठीक असेलच असं नाही. बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्टही (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) असाच बँकेसाठी असतो. ३० वर्षांचा सर्च स्वतःच्या वकिलाकडून वेगळा करून घ्या, शेअर सर्टिफिकेट आणि आधीच्या करारांची साखळी मूळ कागदांवरून पाहा. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, कारण तुमच्या पत्रातली काळजी कागदांची नाही, इमारतीची आहे. ती योग्य आहे.

इमारतीची तपासणी ढोबळमानाने दोन प्रकारची असते. एक म्हणजे पाहणी. स्ट्रक्चरल इंजिनिअर येतो, फ्लॅट, गच्ची, जिना, पाण्याच्या टाक्या, तळमजला डोळ्यांनी पाहतो, हातोडीने ठोकून प्लास्टर पोकळ वाजतंय का ऐकतो, ओलाव्याचं मीटर लावतो आणि लेखी अहवाल देतो. दुसरं पूर्ण स्ट्रक्चरल ऑडिट. त्यात काँक्रीट तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स आणि कार्बोनेशन चाचण्या, सळ्यांचा गंज मोजणारी हाफ सेल चाचणी आणि गरज पडली तर काँक्रीटचा नमुना काढून कोअर टेस्ट होते. तुमच्या इमारतीच्या वयाला हे दुसरंच लागतं. पण ते तुम्ही करून घेऊ शकत नाही. कॉलमला भोक पाडायची परवानगी सोसायटीच देऊ शकते, आणि तुम्ही अजून सभासद नाही.

म्हणून माझा सल्ला असा : सोसायटीचं पूर्ण ऑडिट मिळवा, आणि ते हातात घेऊन तुमच्या स्वतःच्या इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या. दोन्ही हवं. नुसती पाहणी केली तर कॉलमच्या पोटातला गंज दिसणार नाही. नुसता जुना रिपोर्ट वाचला तर त्यानंतर काय बिघडलं किंवा खरंच काय दुरुस्त झालं ते कळणार नाही. इमारत दहा-बारा वर्षांची असती तर पाहणी पुरेशी आहे म्हटलं असतं. नवीन प्रकल्पातलं घर असतं तर ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातल्या दोषांची जबाबदारी रेराच्या (घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याच्या) कलम १४ने बिल्डरवर टाकली आहे. १९८७च्या इमारतीत असा आधार तुम्हाला कोणाचाच नाही.

हे ऑडिट असायलाच हवं. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं बंधनकारक आहे. सोसायट्यांचे आदर्श उपविधी (सोसायटीच्या कारभाराची नियमावली) तर आणखी पुढे जातात : १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट. म्हणजे या इमारतीचे एकापेक्षा जास्त रिपोर्ट सोसायटीच्या कपाटात असायला हवेत.

सेक्रेटरींवर रागावू नका. बाहेरच्या माणसाला कागद दाखवायला ते बांधील नाहीत. पण विकणारा सभासद आहे. त्याने सोसायटीकडे लेखी अर्ज करून ऑडिट रिपोर्टची प्रत आणि मोठ्या दुरुस्तीबद्दलच्या सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तांची प्रत मागावी. इतिवृत्तं मी मुद्दाम सांगते आहे. समजा २० फ्लॅटच्या सोसायटीने १ कोटीच्या दुरुस्तीचा ठराव केला असेल, तर प्रत्येक फ्लॅटमागे सरासरी ५ लाख आले, आणि फ्लॅट तुमच्या नावावर झाल्यावर ते तुमच्या बिलात येतील. विकणारा अर्ज करायला तयार नसेल तर तो का तयार नाही, याचा विचार टोकनच्या काळजीआधी करा. मुलुंडला पालिकेच्या टी विभाग कार्यालयात इमारत व कारखाने खात्यात या इमारतीला कलम ३५१ (विनापरवाना बांधकाम), ३५३ब किंवा ३५४ (धोकादायक इमारत) ची नोटीस गेली आहे का, याची चौकशी तुम्हीही करू शकता. माहितीच्या अधिकारात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज टाका आणि खात्यात जाऊनही विचारा.

रिपोर्टमध्ये इमारतीचा वर्ग आधी पाहा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ असेल तर व्यवहार सोडा. पुनर्विकासात मोठं घर मिळेल असं कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल. मिळेलही कदाचित. पण कलम ३५४ची नोटीस येऊन पाणी-वीज तोडली की तुम्ही भाड्याच्या घरात असाल आणि १ कोटी ५ लाखांच्या कर्जाचा हप्ता चालूच राहील. ज्याला राहायला घर हवं आहे त्याने हा धोका घेऊ नये. सी-२ए किंवा सी-२बी असेल तर दुरुस्तीचा अंदाजी खर्च आणि तुमच्या फ्लॅटचा वाटा काढा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. एकाच इमारतीबद्दल दोन इंजिनिअरांचे रिपोर्ट परस्परविरोधी निघाले, तर ते पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात. असं प्रकरण चालू असेल तर निकाल लागेपर्यंत थांबा.

तुमचा इंजिनिअर पालिकेकडे नोंदणीकृत असावा आणि तुम्हीच शोधलेला असावा. एजंटने सुचवलेला नको, सोसायटीचा कन्सल्टंटही नको. फी तुम्ही द्या, पावती घ्या आणि अहवाल तुमच्या नावाने मागा. नावाचा हा आग्रह कायद्यासाठी आहे : अहवाल तुमच्यासाठी, तुमच्या पैशाने केलेला असेल तर तुम्ही त्या इंजिनिअरचे ग्राहक होता, आणि त्याने उघड दोष पाहिलाच नाही तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. बँकेच्या व्हॅल्युअरबाबत हे म्हणणं टिकणं कठीण.

त्याच्याकडून काय पाहून घ्यायचं? तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींनी मी थांबले : ताजा रंग आणि शेवटच्या मजल्यावरचं फॉल्स सीलिंग. त्यामागे काही दडवलंच आहे असं मी म्हणत नाही. पण तो स्लॅब थेट गच्चीखाली आहे, जवळजवळ चार दशकांचे पावसाळे त्याने सोसले आहेत, आणि तो आज कोणालाही दिसत नाही. सीलिंगमधले एक-दोन दिवे काढले की भोकातून टॉर्च मारून स्लॅब पाहता येतो; विकणाऱ्याने त्याला हरकत घ्यायचं कारण नाही. पोपडे, तांबूस डाग, उघड्या सळ्या दिसल्या तर फोटो काढून घ्या. मग गच्चीवर जा. जुन्या इमारतींत गळती थांबवायला ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांचा गळतीरोधक थर) पुन्हा कोबा चढवलेला असतो, आणि प्रत्येक थराचं वजन त्याच स्लॅबवर पडतं. किती थर आहेत ते इंजिनिअरला विचारा. गच्चीतून होणारी गळती दुरुस्त करायचा खर्च उपविधींप्रमाणे सोसायटीचा असतो, पण सोसायटीकडे फंड आहे का, हेही विचारायला हवं.

तळमजला तर विसरूच नका. २५ जुलै २०१७ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलाच्या कामात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता. वर राहणारा माणूस आपल्या घरातल्या भिंती निरखतो आणि सगळा भार ज्यांच्यावर आहे ते खांब खालच्या गाळ्यातल्या लाकडी पॅनेलमागे असतात. तिथे गाळे असतील तर इंजिनिअरला आत जाऊन पाहू द्या. आणि जाताना मंजूर नकाशाची प्रत सोबत असू द्या : बाल्कनी आत घेतली आहे का, मधली भिंत काढली आहे का, कार्पेट एरिया करारातल्या आकड्याशी जुळतो का, हे त्याच फेरीत उरकेल.

'नंतर दोष निघाला तर कोर्टात जाऊ' असं कोणी म्हणालं, तर कायदा नेमका काय म्हणतो ते सांगते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२चं कलम ५५ विकणाऱ्यावर बंधन घालतं : त्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साधारण दक्षतेने न सापडणारा मोठा दोष त्याने सांगितलाच पाहिजे, न सांगणं ही फसवणूक. पण भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १९चा अपवाद असा आहे की, विकणारा नुसता गप्प राहिला असेल आणि साधारण दक्षतेने सत्य कळण्याची सोय तुमच्याकडे होती, तर त्या कारणावरून करार रद्द करता येत नाही. 'साधारण दक्षता' हे शब्द दोन्हीकडे आहेत. तुम्ही इंजिनिअर नेला, लेखी विचारलं आणि तरीही तुमच्यापासून लपवलं गेलं, तर कायदा तुमच्या बाजूने ठामपणे उभा राहतो. पाहिलंच नाही, तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. अशी प्रकरणं घेऊन लोक माझ्याकडे बहुतेक वेळा रजिस्ट्रेशन झाल्यावर येतात. तोवर मुंबईतल्या ६ टक्के दराने तुमच्यासारख्या व्यवहारात ९ लाख ६० हजारांची स्टॅम्प ड्युटी आणि ३० हजार नोंदणी फी भरून झालेली असते. तेव्हा त्यांना 'थोडं आधी यायला हवं होतं' असं सांगणं मला फार जड जातं.

आता टोकन. 'विसरा' म्हटल्याने ते बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे की, रक्कम व्यवहाराची हमी म्हणून, म्हणजे इसारा म्हणून दिलेली असेल आणि जप्तीची अट स्पष्ट असेल, तरच ती जप्त करता येते. तुमच्या पावतीत अशी अट नाही. तेव्हा आता व्हॉट्सॲपवर 'टोकन नॉन-रिफंडेबल' असा मेसेज आला तर त्याला 'ओके' लिहू नका, अंगठ्याचा इमोजीही पाठवू नका. त्याऐवजी आजच विकणाऱ्याला ईमेल करा : आम्ही व्यवहार करायला तयार आहोत, ऑडिट रिपोर्ट, इतिवृत्तं आणि पालिकेच्या नोटिसा असल्यास त्यांच्या प्रती द्याव्यात, आमच्या इंजिनिअरला पाहणीसाठी दिवस द्यावा, अहवाल मिळाल्यावर १५ दिवसांत ॲग्रीमेंट करू. यामुळे उशीर कोणामुळे झाला याची नोंद राहते.

आणि ॲग्रीमेंटमध्ये हे कलम घालून घ्या : 'विक्रेता जाहीर करतो की, सदर इमारतीस महानगरपालिकेकडून कलम ३५१, ३५३ब अथवा ३५४ खाली कोणतीही नोटीस प्राप्त झालेली नाही, स्ट्रक्चरल ऑडिटचे सर्व अहवाल खरेदीदारास दिले आहेत, आणि या करारापूर्वी मंजूर झालेल्या दुरुस्ती खर्चातील सदनिकेचा वाटा विक्रेता भरेल. हे कथन असत्य आढळल्यास खरेदीदारास करार रद्द करून संपूर्ण रक्कम व झालेला खर्च परत मिळण्याचा हक्क राहील.' नोटीस आलेली असेल तर तिचा क्रमांक आणि तारीख कलमात लिहून घ्या, म्हणजे कोणाला काय माहीत होतं यावर पुढे वाद होणार नाही.

इंजिनिअर जाईल त्या दिवशी तुम्ही दोघंही सोबत जा, मुलीलाही न्या. अहवाल आला की त्याची प्रत, सोसायटीचं ऑडिट आणि ॲग्रीमेंटचा मसुदा तुमच्या वकिलापुढे एकत्र ठेवा, आणि सहीची तारीख त्यानंतरच ठरवा.