लाडवातला बेदाणा

ताई, आमचा बीगल 12 किलोचा. दिवाळीत सासूबाई त्याला फराळ भरवतात. गेल्या वर्षी तीन रवा लाडू खाऊन रात्रभर उलट्या केल्या त्याने. "दुसऱ्या दिवशी शेपूट हलवत होता की," असं म्हणतात. मी बोलले की रुसवा. काय करू?
– एक सून, नाशिक

तुमच्या सासूबाईंना "गोड देऊ नका" म्हणून उपयोग नाही, कारण धोका साखरेत कमी आणि वर लावलेल्या बेदाण्यात जास्त आहे. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ले तर चालतील, असं प्रमाणच नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसरा थोडक्यात अंथरूण धरतो. आधी उलट्या होतात, मग एक-दोन दिवसांत लघवी कमी होत जाते. म्हणजे दुसऱ्या दिवशी हललेली शेपूट हा काही पुरावा नव्हे. गेल्या वर्षी निभावलं इतकंच. यंदा लाडवावर काजूचा तुकडा लावा, कुणी हळूच भरवलाच तर निदान बेदाणा तरी पोटात जाणार नाही.

चिवड्यात तळलेला कांदा आणि बेदाणे दोन्ही असतात, तो डबा वरच्या फळीवर. कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि त्याचा त्रास तीन-चार दिवसांनी दिसतो: थकवा, फिक्या हिरड्या, गडद लघवी. तोवर फराळाशी संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. पाहुण्यांनी आणलेलं डार्क चॉकलेट 40-50 ग्रॅम गेलं तरी एवढ्या वजनाला त्रास सुरू होऊ शकतो. शुगरफ्री मिठाईच्या वेष्टनावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा, असेल तर ती त्याच्यापासून लांब. त्याने अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळू शकते. चकली, शेव, बेदाणे नसलेली करंजी विषारी नाहीत, पण तेल-तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

आता रुसव्याचं. त्यांना भरवायचंय, तर भरवू द्या. उकडलेलं रताळं कुस्करून त्यात भाजलेलं नाचणीचं पीठ मळा. मीठ, साखर, तूप काही नाही. सुपारीएवढे लाडू वळून वेगळ्या डब्यात ठेवा आणि डबा सासूबाईंच्याच ताब्यात द्या. दिवसाला चार पुरे, तेवढं रोजचं जेवण कमी करा. मुलांना-पाहुण्यांना "त्याला आजीच भरवते" एवढंच सांगायचं. मग पहारा त्याच करतील, बघा!

तरीही काही नको ते खाल्लंच तर उलटीची वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्यानेच जीव जाऊ शकतो. दूध-हळदीनेही विष उतरत नाही. काय, किती, किती वाजता खाल्लं ते लिहा, वेष्टन घ्या आणि डॉक्टरांकडे निघा. पहिल्या दोन तासांत ते पोट रिकामं करू शकतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुठला दवाखाना उघडा असतो, ते वसुबारसेआधीच फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.