सर्व्हिसनाऊमध्ये (कंपन्यांमधल्या आयटी तक्रारी हाताळायचं सॉफ्टवेअर) जुना, शब्द जुळवणारा झिंग सर्च ठेवावा की अर्थ ओळखणाऱ्या एआय सर्चवर जावं?

आधी बघा, शोधतंय कोण. हेल्पडेस्कवरच्या माणसाला तिकीट नंबर, सर्व्हरचं नाव किंवा एरर कोड जसाच्या तसा हवा असतो. तिथे झिंगसारखा कीवर्ड सर्चच बरा. अर्थावर चालणारा सर्च उगाच 'साधारण तसंच' काहीतरी वर आणतो.

पोर्टलवरचा कर्मचारी मात्र लिहितो 'लॅपटॉप नेटला जोडत नाही', आणि मदतीच्या लेखाचं शीर्षक असतं 'वायफाय प्रमाणपत्राची मुदत संपणे'. शब्द जुळले नाहीत की निकाल शून्य. नेमकं इथे एआय सर्च कामाला येतो. बजेट नसेल तर झिंगमध्येच समानार्थी शब्दांची यादी भरून बघा, बऱ्याच तक्रारी तेवढ्यानेच मिटतात. (लेखच जुनाट असतील तर दोन्हींचा उपयोग नाही, हे वेगळं.)

नोंदींच्या लिस्टमध्ये शोधताना शब्दाआधी * लावायची सवय मात्र मोडा. त्याचा अर्थ 'मजकुरात कुठेही', आणि अशा शोधाला डेटाबेसचा नेहमीचा इंडेक्स (शोध पटकन लागावा म्हणून ठेवलेली सूची) सहसा उपयोगी पडत नाही. लाखो नोंदींच्या टेबलवर पान नुसतं फिरत बसतं. शब्दाची सुरुवात माहीत असेल तर त्याच्यामागे % लावा.