आधी सुकती बघ

पोरा,

तुझी चिठ्ठी वाचली. रॉड कुठला, रील किती नंबरचं, ल्युअर, म्हणजे ते खोटं आमिष, चंदेरी की सुंगटाच्या, कोळंबीच्या रंगाचं. तीन पानं लिहिलीस आणि त्यात पाण्याबद्दल एक ओळ नाही! मोरजीच्या टेंबावर, शापोरा नदीच्या मुखाशी, तासन्‌तास उभं राहून हाताला काही लागत नाही, म्हणून सगळं सोडून पर्सनेटच्या, मोठ्या घेरजाळ्याच्या बोटीवर कामाला जाऊ का, हेही विचारतोस. त्याचं मागाहून बघू.

रॉडचं दुकानदार सांगेल. मी एवढंच सांगतो: रिकाम्या हातांनी सुकतीला, पुऱ्या ओहोटीला जा. गरी घरी ठेव, फेकायचं जाळं, पागेरही.

कधी जायचं तेही सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. पौर्णिमेची तिथी 15, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सहा तास मागेपुढे, सुकती पाचच्या आसपास. पहाटे काळोख आणि संध्याकाळी दिवस कलायला आलेला. म्हणून द्वितीया-तृतीया धर. उधाणाचा जोर टिकून असतो आणि सुकती साडेसात-आठला, लख्ख उजेडात. नदीत जितका आत जाशील तितकी ती उशिरा. अष्टमीला जाऊ नकोस, तेव्हा भांग, म्हणजे चढउतार कमी, पाणी पुरतं हटतच नाही. मोबाइलवर वेळ मिळते, मान्य. चिखल मिळत नाही.

भरतीला ती जागा सगळीकडे सारखी दिसते. सुकतीला बघ. गुडघाभर खोलीची एक वाकडी चर दिसेल, पाणी तिच्यातून सगळ्यात शेवटी जातं आणि सगळ्यात आधी येतं. चिखलावर शेवटे माशांनी चाटल्याचे पट्टे असतील, ते पहिल्या घोटाभर पाण्याबरोबरच चरायला वर चढतात. रेतीत बशीएवढे खड्डे दिसले तर तिथे पाकट, शेपटीत काटा असलेला चपटा मासा, बसून गेलंय. पाण्यात उतरशील तेव्हा पाय उचलून टाकू नकोस, घासत ने. पाणी उतरायला लागलं की चरीच्या तोंडाशी चोणाक नाहीतर तांबोसा, हे शिकारी मासे, टपून असतात. खुबे, शिंपले काढणाऱ्या बायकांना विचार, कुठे पाय रुततो आणि कुठे नाही. त्यांच्याएवढं ते पात्र कुणाला ठाऊक नाही, आणि त्यांच्यातल्या एकीकडेही रॉड नाही.

थंडीच्या सुरुवातीला हे जास्तच लागू. पावसाचं गढूळ गोडं पाणी शापोऱ्यातून सरलंय, खार वर चढलीय, पाणी निवळलंय. मासा तुला दिसतो, म्हणजे तूही त्याला दिसतोस. आपला किनारा पश्चिमेचा. सकाळी ऊन पाठीवर आणि तुझी लांब सावली थेट पाण्यावर. आणि तू म्हणतोस ल्युअरचा रंग चुकला! चर माहीत असेल तर बाजूला वाकून उभा राहशील. जमिनीकडून येणारा मतलई वारा आहे तोवर पाणी आरशासारखं असतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की तुलाही आडोसा मिळतो.

मी आखातातून कायमचा परतलो तेव्हा आमच्या बाबांच्या गुडघ्यांनी चिखल सोडला होता. सोप्यावर बसून कोळशाने जमिनीवर चरी काढून दाखवायचे. काय कळणार? ते पायांनी शिकायचं होतं, त्यांच्या मागून चालत.

म्हणून आता मी हट्टी. सोबतचे बोटींत गेले, त्यांची घरं दुमजली झाली, आणि मी पागेर घेऊन चिखलात. लोक हसतात, हसू देत. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकार लढले, 1980 चा कायदा आला, यांत्रिक ट्रॉलरना किनाऱ्यापासून 5 किलोमीटरच्या आत बंदी झाली. तरी रात्री दिवे कुठवर येतात ते तुझ्या घरातूनही दिसतं. घोटाभर पाण्यात मात्र कुणाचं इंजिन चालत नाही. ही तेवढी जागा आपली उरलीय. मी ती धरून बसलो तर माझं काय चुकलं? घरात कधी माशाविना जेवलो नाही.

बोटीवर जायचं तर खुशाल जा, महिन्याला पैसे येतील. पण सुकती न बघता जाऊ नकोस. येत्या द्वितीयेला जा, एकटा जा. चरी सापडल्या की मला सांगू नकोस, कुणालाच नको. आणि ल्युअरची पाकिटं फोडली नसशील तर दुकानदाराला विचार, परत घेईल कदाचित.