पोपटी ‘लावतात’ की ‘भाजतात’?

प्रश्न असा आला आहे: ‘मी मूळची अकोल्याची. अलिबागच्या मैत्रिणीचा निरोप आला, “शनिवारी पोपटी लावतोय, पोपटीला ये.” आमच्याकडे हुरडा भाजतात. मग पोपटीही भाजायलाच हवी ना? आणि “पोपटी खायला ये” न म्हणता “पोपटीला ये” का?’

मैत्रिणीचं मराठी अगदी चोख आहे. पोपटी म्हणजे मडक्यात बंद करून शिजवलेल्या वालाच्या शेंगा. तेव्हा ‘लावतोय’ कसं बरोबर ते कळायला आधी त्या मडक्यात डोकवावं लागेल.

रायगडात भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात. थंडीत, साधारण जानेवारीच्या आसपास, शेंगा भरतात आणि पोपटीचे दिवस सुरू होतात. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मधल्या थरात बटाटे, रताळी, अंडी, आणि हवी असेल तर मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला, तोही गच्च कोंबलेला. मग मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. चर्र करून लगेच उडून गेलं, की झाली.

आता क्रियापद शोधा. भाजणं म्हणावं, तर जाळ शेंगेला शिवतही नाही, तो लागतो मडक्याला. हुरड्याची कणसं थेट आरावर जातात, म्हणून तिथे ‘भाजणे’ चपखल बसतं. उकडणं म्हणावं तर पाणी नाही. शेंगा शिजतात त्या स्वतःच्या आणि पाल्याच्या वाफेवर, पण ‘पोपटी वाफवली’ म्हणालात तर अलिबागकर तुमच्याकडे टकामका बघतील. ‘पोपटी भाजली’ला मी चूक म्हणणार नाही, पण त्यात मडकं हरवतं.

‘लावणे’ या सगळ्याला बगल देतं, कारण ते शिजण्याची रीत सांगतच नाही. ते सांगतं की मांडामांड झाली, आता पुढचं काम आचेचं किंवा वेळेचं. विरजण लावतो. आंब्याची अढी लावतो. कुकर लावतो. घरोघरी ऐकू येणारा फरक बघा: डाळ ‘लावली’, पण आमटी ‘केली’. डाळ कुकरात बंद झाली की आपला हात संपला. आमटीला फोडणी द्या, चिंच-गूळ घाला, ढवळा, चव बघा. तिथे हात सुटत नाही, म्हणून आमटी कोणी लावत नाही. चहाही ‘लावत’ नाहीत, ‘ठेवतात’ किंवा ‘टाकतात’, आणि उतू जाईल म्हणून राखण करत उभे राहतात. (‘फोडणी लावली’ हल्ली कानावर येतं. ते हिंदीतल्या तडक्यामागून आलंय. मला ते खटकतं.)

कोकणातल्या लावलेल्या पोह्यांचं काय, असं कुणी विचारेल. तिथला ‘लावणे’ तेल-तिखट लावण्यातला, म्हणजे माखण्याचा. ओलं खोबरं, कांदा, मीठ हाताने चोळून पोहे झाकून ठेवले की ते आपले आपण मऊ होतात, म्हणजे शेवट पुन्हा वाट बघण्यातच. झाकण्या-दाबण्यावर भर दिला की त्यांनाच दडपे पोहे म्हणायचं. आणि ‘लावणे’चं मूळ ‘लागणे’ स्वयंपाकघरात वेगळाच दगा देतं: भात लावला आणि गप्पांच्या नादात लागला!

गप्पांवरून दुसरा प्रश्न. जाळ पेटला की पोपटीत कुणालाच काही काम उरत नाही. वाढपी नाही, आचारी नाही, नुसते जमलेले मित्र. त्यामुळे ‘पोपटी’ हे पदार्थाचं नाव आहे तसंच त्या बैठकीचंही. पदार्थ असला की ‘खायला ये’, प्रसंग असला की ‘ला’ प्रत्यय: हळदीला ये, पूजेला ये, पोपटीला ये. ‘हुरडा पार्टी’त प्रसंगासाठी वेगळा शब्द जोडावा लागतो. ‘पोपटी पार्टी’ आता फलकांवर दिसते, पण ती बहुतेक बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. गावात नुसतं ‘पोपटीला’ पुरतं.

अनेकवचनातही हेच दिसेल. ‘यंदा दोन-तीन पोपट्या झाल्या’ म्हणजे दोन-तीनदा जमलो. शाकाहारी मंडळींसाठी वेगळं मडकं लावलं, तरी त्या रात्री पोपटी एकच. तेव्हा मैत्रिणीला ‘किती पोपट्या लावताय?’ असं विचारू नका. मडकी किती, ते विचारा.